बोटीतली बाई

"केस कधी देताय, वहिनी?" हामादेकाकांनी रंधा थांबवून विचारलं, आणि सावाने हातातली चहाची किटली फळीवर ठेवून दिली.

"माझे चालणार नाहीत."

"का बरं?"

"चालणार नाहीत म्हणजे नाहीत. आधी चहा घ्या."

शेडमध्ये ओल्या देवदाराचा वास कोंदला होता. नवी बोट लाकडी घोड्यांवर उभी होती. तळ रंगवून झाला होता, इंजीन बसलं होतं, डोलकाठी तेवढी बाहेर गवतात आडवी पडली होती. सोमवारी सॉकाय मासळीचा हंगाम उघडायचा होता. सोमवारी बोट पाण्यात दिसली नाही तर जाळं दुसऱ्याला देऊ, असं मासळीच्या कारखान्याने सावाच्या मुलाला, तामोत्सुला, सांगून ठेवलं होतं. त्यांच्या दारात जाळ्यासाठी माणसं रांगेत उभी होती आणि त्यातली बरीचशी गोरी होती, तेव्हा ही नुसती धमकी नव्हती.

आमच्याकडे, जपानी कोळ्यांत, बोट बांधणारा शेवटचं एक काम एकट्याने करतो. डोलकाठी ज्या लाकडावर टेकते त्यात तो मुठीएवढी खाच कोरतो. आत कागदाच्या दोन बाहुल्या, फासे, चिमूटभर धान्य, चार नाणी आणि एका बाईच्या केसांची बट ठेवतो, आणि वरून लाकडाचं बूच ठोकून सगळं बंद करतो. तिला फुनादामा म्हणतात. घरात बोलताना आम्ही नुसतं 'बोटीतली बाई' म्हणतो. मालकाने तिला बघायचं नसतं. वादळात ती जागी असते, एवढं त्याला माहीत असलं की झालं. केस बहुधा मालकाच्या बायकोचे असतात, बायको नसेल तर आईचे. तामोत्सु सव्विसाचा झाला होता, आणि लग्नाचा विषय निघाला की तो इंजिनाबद्दल बोलायला लागायचा. त्यामुळे प्रश्न आईवरच येऊन ठेपला होता.

हामादेकाकांनी चहाचा घोट घेतला आणि वाट बघितली. त्यांना वाट बघता येत असे.

"माझे केस एका बोटीत आहेत," शेवटी सावा म्हणाली. "एक बाई दोन बोटींत बसत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं का?"

तामोत्सुने ओठांत धरलेले खिळे काढून हातात घेतले.

"आई, ती बोट आता आपली नाही. सरकारने विकून आठ वर्षं झाली."

"बोट विकली. इंजीन विकलं. जाळी विकली, घर विकलं, माझं शिवणयंत्र विकलं. सगळं मी ऐकून घेतलं. त्यात माझे केस होते का? कोणी आलं होतं का सांगायला, बाई, आज तुझे केस विकतोय म्हणून?"

"केस कोण विकतं, आई?"

"तेच म्हणते मी. विकले नाहीत, म्हणजे माझेच आहेत. जाऊन घेऊन येते."

तामोत्सुने काकांकडे पाहिलं. काका चहात बघत होते.

"काका, तुम्ही तरी सांगा. काकूंची एखादी बट तुम्ही जपून ठेवली असेल ना?"

"तिचे माझ्या बोटीत आहेत. आणि माझी बोट कुठे आहे ते मलाही माहीत नाही. उत्तरेला कोणाच्या तरी दावणीला असेल, नाहीतर तळाला."

"मग बाईशिवायच सोडू. आत काय आहे ते माशांना थोडंच कळणार आहे?"

काकांनी कप खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, पण तामोत्सुने खिळे पुन्हा तोंडात घेतले नाहीत.

"बिनबाईची बोट मी पाण्यात ढकलत नाही. तुला ढकलायची तर ढकल. पुढे काही झालं तर मात्र ही हामादेने बांधली असं कोणाला सांगू नकोस."

सावाने तेवढ्यात नवऱ्याची जुनी पटाशी आणि हातोडी एका फडक्यात बांधली होती. गाठ मारून ती दाराबाहेरसुद्धा पडली.

ती बोट कुठे आहे हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्याबद्दल कोणी बोलत नसे. आदल्या वसंतात मायलेक स्टीव्हस्टनला, आपल्या या जुन्या गावी, परतले. पहिल्याच आठवड्यात सावा कपडे वाळत घालत होती आणि समोरून नदीतून एक हिरवी बोट गेली. तिच्या नवऱ्याने, तोराकिचीने, ती पांढरी रंगवली होती. पण रंग कोणालाही बदलता येतो. बोटीच्या नाकाला त्याने जो बाक दिला होता तो सावाला हजार बोटींत ओळखता आला असता. तिने ओला सदरा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि पुढचा सदरा उचलला. तामोत्सुनेही ती बोट पाहिली होती. ती जवळून गेली की तो मान खाली घालून काहीतरी सोडवत बसायचा.

युद्ध पेटलं त्या डिसेंबरात आम्ही जपानी म्हणून शत्रू ठरलो आणि आमच्या माणसांनी सरकारचा हुकूम मानून आपल्या बोटी आपल्याच हातांनी नदीच्या वरच्या अंगाला नेऊन बांधल्या. तोराकिची तिथून घरी आला तेव्हा त्याच्या हातात फक्त जेवणाचा डबा होता. वसंतात माणसांची पाळी आली. आधी शहरातल्या जनावरांच्या गोठ्यांत, मग डोंगरात, जिथून समुद्राचा वाससुद्धा येत नाही. ओल्या फळ्यांची खोपटी होती, एकेका खोपटात दोन कुटुंबं. फळ्या वाळल्या तशा फटी पडल्या आणि फटींतून बर्फ अंथरुणावर यायला लागलं. दुसऱ्या हिवाळ्यात तोराकिची गेला. डॉक्टर न्यूमोनिया म्हणाला. सावाचं मत वेगळं होतं. ज्या माणसाचा सगळा जन्म भरती-ओहोटीवर गेला, त्याला नेऊन तळ्याकाठी बसवल्यावर तो किती टिकणार?

ती टिकली. का टिकली ते तिने कोणाला सांगितलं नाही. लाकडं फोडताना, सार्वजनिक नळावर रांगेत उभी असताना ती स्वतःशी म्हणायची, मी सगळीच्या सगळी इथे नाही. थोडी मी अजून समुद्रावर आहे. तेवढी यांच्या हाती लागलेली नाही. या एका गोष्टीचा तिला इतका आधार होता की त्यापुढे देव-बुद्ध सगळे मागे पडले होते.

आता ती बांधाच्या वाटेने तरातरा चालली होती आणि तामोत्सु मागून येत होता.

"आई, जरा थांब. परत येऊन आपल्याला एक वर्ष होतंय. गोऱ्यांच्या तोंडी लागायची ही वेळ आहे का?"

"वेळ कधी असते ती एकदा सांगून ठेव. तुझ्या बापालाही सापडली नाही ती."

"पोलिसांना बोलावलं तर?"

"बोलावू दे. त्यांना काय सांगणार, ही बाई आपलेच केस चोरायला आली?"

"हसेल तो बोटवाला आपल्याला!"

"हसू दे ना. हसून झालं की देईल."

तामोत्सु भेकड मुलगा नव्हता. पण अठरा ते पंचवीस ही वर्षं त्याने डोंगरात काढली होती, आणि तिथे तो एकच विद्या शिकला होता. गोरा माणूस समोर असला की गोड बोलायचं, कमी बोलायचं आणि निघून जायचं. आईला ती विद्या कधी आली नाही, कारण तिला इंग्रजीच येत नव्हतं.

फिनलंडहून आलेल्या लोकांची घरं खाडीच्या कडेला खांबांवर उभी होती. हिरवी बोट धक्क्याला बांधलेली होती आणि तिच्यावर आर्वो केत्तुनेन पाय पसरून जाळं सांधत बसला होता. तांबड्या मानेचा, रुंद माणूस. कारखान्याच्या धक्क्यावर तामोत्सुने त्याला अनेकदा पाहिलं होतं, पण बोलणं कधी झालं नव्हतं. आर्वोचं इंग्रजीही बेताचंच होतं. तो शब्द एकेक करून बाहेर काढायचा.

"काय?" त्याने विचारलं.

"नमस्कार. ही माझी आई. ही बोट... म्हणजे पूर्वी..."

"माहीत आहे कोणाची ते. मी पैसे दिले. कागद घरात आहेत."

"काय म्हणतो?" सावाने विचारलं.

"म्हणतो, कागद आहेत."

"सांग त्याला, कागद ठेव आणि बोटही ठेव. डोलकाठीखाली माझं आहे ते काढून दे. आणि हेही सांग, की दुसऱ्याच्या तोंडचा घास स्वस्तात मिळाला म्हणून तो आपला होत नाही."

तामोत्सुने घसा साफ केला.

"आई म्हणते, तुम्ही बोट फार छान ठेवली आहे."

आर्वोने सावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग तामोत्सुकडे.

"एवढंच म्हणाली? मला बरंच मोठं वाटलं."

तामोत्सुचे कान तापले. मग एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं. खाच, बूच, बाहुल्या, केस. सांगताना तो पाण्याकडे बघत होता. आपलं बोलणं आपल्यालाच वेडगळ वाटत होतं, आणि शाळेत इतकं चांगलं इंग्रजी शिकलो ते याच्यासाठीच का, असं त्याला वाटत होतं. आता हा हसेल, मग चारचौघांना सांगेल, आणि सोमवारी अख्ख्या धक्क्यावर हीच गोष्ट होईल.

आर्वो हसला नाही. त्याच्या हातातली सुई थांबली होती.

"केस हिचे?"

"हो."

आर्वो उठून उभा राहिला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. तामोत्सुकडे बघून नव्हे, सावाकडे बघून.

शिव्या, पोलीस, हसणं, सगळ्याची तामोत्सुने तयारी केली होती. याची केली नव्हती.

"डोलकाठी कुजली होती," आर्वो म्हणाला. "बदलली. खाली बूच दिसलं. आमच्याकडे डोलकाठीखाली नाणं ठेवतात. माझा बाप ठेवायचा. म्हटलं नाणं असेल. उघडलं तर आत बाई." तो थांबला. "मी लगेच बंद केलं. नवं लाकूड बसवलं, तरी तिला परत तिथेच ठेवली. रोज सकाळी पहिला कप तिचा असतो."

"कप कसला?"

"कॉफीचा. इथे, बुडाशी ओततो."

हे तामोत्सुने शब्दाला शब्द लावून आईला सांगितलं, कारण आणखी गोड करायला त्यात जागा नव्हती.

"कॉफी!" सावा म्हणाली. "इतकी वर्षं हा मला कॉफी पाजतोय?" ती क्षणभर विचारात पडली. "तरीच म्हटलं मला झोप का लागत नाही."

"काय म्हणाली?"

तामोत्सुने सांगितलं. आर्वोने गंभीरपणे मान हलवली.

"मी जरा कडकच करतो," तो म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. तामोत्सुच्या ध्यानात आलं की इथे वेडा कोणी असेल तर तो एकटाच आहे. या दोघांना एकमेकांचं म्हणणं पुरतं कळलं होतं. त्यांना फक्त भाषा नव्हती.

"पण देणार नाही," आर्वो म्हणाला.

"का?"

"नोव्हेंबरात, नदीच्या तोंडाशी. धुकं, त्यात वारा उठला. माझं इंजीन बंद पडलं. त्या दिवशी बाहेर गेलेल्या दोन बोटी आल्याच नाहीत. त्यात माझा मेहुणा होता. ही आली. मी नाही आणली, काय करतोय ते मला दिसतसुद्धा नव्हतं. हिने आणली." त्याने टोपी दोन्ही हातांनी पिळली. "हिला काढून दिली तर सोमवारी मी कोणाच्या जिवावर जाऊ?"

सावाने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती जे बोलली ते हळू बोलली.

"सांग त्याला. त्याला घरी आणायला मी तिथे बसले नव्हते. माझ्या नवऱ्याला आणायला बसले होते. त्याला उचलून नेलं आणि मला तिथेच ठेवलं."

"आई म्हणते..." तामोत्सुने सुरुवात केली, आणि तिने त्याची बाही धरली.

"जसंच्या तसं सांग. मला इंग्रजी येत नसेल, पण मी केवढं बोलले आणि तू केवढं बोललास ते मला कळतं."

तामोत्सुने जसंच्या तसं सांगितलं.

घराच्या दारात आर्वोची बायको हिल्या उभी होती, हाताला पीठ लागलेलं होतं. ती केव्हा आली ते कोणाला कळलं नव्हतं. तिने सावाला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहून घेतलं आणि नवऱ्याला त्यांच्या भाषेत दोनच शब्द ऐकवले. आर्वोने खांदे पाडले.

"ती म्हणते, दे तिचं तिला."

डोलकाठी दोघांनी मिळून उपसली, आर्वोने आणि तामोत्सुने. सावाने फडकं सोडून पटाशी पुढे केली. आर्वोने तिची धार अंगठ्यावर बघितली, वा अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला आणि गुडघे टेकून बसला. बूच सहज निघत नव्हतं. त्याने ते डांबर लावून, मनापासून बसवलेलं होतं. पटाशी फिरवून फिरवून ते एकदाचं वर आलं, तेव्हा त्याने हात आत न घालता बाजूला सरून सावाला जागा करून दिली.

तेलकट कापडाची पुरचुंडी निघाली. कागदाच्या बाहुल्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. नाणी हिरवी पडली होती. फासे होते. आणि लाल दोऱ्याने बांधलेली केसांची बट होती, बोटभर जाड, काळीभोर. कॅमेलियाच्या तेलाची चकाकीसुद्धा अजून तिच्यावर होती. इतक्या वर्षांत तिला काहीच झालेलं नव्हतं.

नदीकडच्या ओसरीवर केस सोडून वाळवत बसलेली एक बाई तामोत्सुला आठवली. ती मोठ्याने गायची, आणि बाबा आतून ओरडायचे की मासे पळतील, तेव्हा ती आणखी मोठ्याने गायची. ही बाई तो साफ विसरला होता. विसरलो आहोत हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

सावा बट तळहातावर घेऊन बघत होती.

"किती काळे," ती म्हणाली.

मग डोक्याला बांधलेल्या रुमालाखालून तिने आपली एक बट ओढून काढली आणि त्या बटेशेजारी धरली. डोंगरातल्या तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत तिचे केस पार पांढरे झाले होते. आरसा नसलेल्या खोपटात ते तिला कोणीतरी सांगावं लागलं होतं, आणि ऐकून तिने बरं म्हणून सोडून दिलं होतं.

"तामो, हिला तू ओळखतोस?"

"तुझेच आहेत, आई."

"नीट बघ."

तो बघू शकला नाही. त्याने नजर जाळ्याकडे वळवली.

सावाने बट पुन्हा बाहुल्यांजवळ ठेवली, फासे होते तसे लावले आणि कापड चारही बाजूंनी दुमडून घेतलं.

"सांग त्याला, चूक झाली. ही मी नव्हे."

"आई, आता काय हे? काकांनी सांगितलंय..."

"ही बाई चौतीस वर्षांची आहे. हिने गोठा बघितलेला नाही, बर्फ बघितलेलं नाही. हिला कोणी कुठे हलवलंच नाही. हिचा नवरा जिवंत आहे. तो पुढे जाळं सोडायला गेलाय, आता येईल, असंच हिला अजून वाटतंय." तिने पुरचुंडीवरून एकदा हात फिरवला. "हिला बाहेर काढून मी काय सांगू?"

आर्वो आणि हिल्या तामोत्सुच्या तोंडाकडे बघत होते.

या वेळी त्याने काहीच गाळलं नाही. गोठा सांगितला, बर्फ सांगितलं. 'माझे वडील' इथे आल्यावर त्याचा आवाज फाटला, तरी तो थांबला नाही, शेवटपर्यंत बोलत राहिला. एखाद्या गोऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून त्याने आजवर इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्याला लाज वाटेल असं वाटलं होतं. ती वाटली नाही. उलट, याला आणखीही सांगायला हवं होतं, असं वाटलं.

आर्वोने पुरचुंडी दोन्ही हातांत घेतली.

"अशी नको!" सावा म्हणाली. "तोंड पुढे. ती पुढे बघते."

हे भाषांतर न करताच आर्वोला कळलं. त्याने पुरचुंडी फिरवून ठेवली, बूच बसवलं आणि हातोडीचे ठोके इतके हलके घातले की दारातून हिल्याला ओरडून सांगावं लागलं, अशाने पहिल्याच लाटेला सुटेल. डोलकाठी पुन्हा उभी राहिली.

"आणि नववर्षाला तिला भात आणि साके," सावाने बजावलं. "कॉफी बंद."

आर्वोचा चेहरा पडला.

"आता सवय झालीय तिला," तो म्हणाला.

सावाने यावर विचार केला.

"बरं. सकाळची चालेल."

निघताना हिल्याने वेणीसारखी गुंफलेली गरम पावाची एक लादी फडक्यात बांधून तिच्या हातात दिली. सावाने ती घेतली, पण वाकून नमस्कार केला नाही. बोट अजून हिरवीच होती, आणि तिच्यावरचं नाव दुसऱ्याचं होतं. ते ती विसरली नव्हती आणि विसरायचा तिचा विचारही नव्हता.

बांधावरून परतताना तामोत्सु तिच्या बरोबरीने चालत होता.

"मग आता आपल्या बोटीचं काय?"

"चालत राहा."

"हामादेकाका ऐकणार नाहीत."

"त्यांना मी बघून घेते."

शेडमध्ये काकांनी डोलकाठीच्या बुडाचं लाकूड घासून गुळगुळीत केलं होतं. खाच कोरून तयार होती आणि जवळ कागदाच्या दोन बाहुल्या कापून ठेवलेल्या होत्या.

"मिळाले?"

"नाही. ते दुसऱ्याच बाईचे निघाले," सावा म्हणाली आणि त्यांच्यासमोर ओंडक्यावर बसली. रुमालाची गाठ सोडून तिने तो मांडीवर ठेवला. "हे घ्या."

काका तिच्या डोक्याकडे बघत राहिले.

"पांढरे?"

"दिसतातच की."

"वहिनी, मी इतक्या बोटी बांधल्या. माझ्या बापाने बांधल्या. पांढरे आजवर कोणी ठेवले नाहीत. बोटीत तरुण बाई लागते."

"तरुण बाईला फक्त जायचं कसं तेवढं माहीत असतं. ही जाऊन परत आलीय. डोंगरातून या दारापर्यंत, सगळं गेल्यावरही. आता हिला कुठेही नेऊन सोडा, घर सापडेल तिला. बोटीतल्या बाईला आणखी काय यावं लागतं, सांगा ना."

काकांनी कापलेल्या बाहुल्या उगाच नीट लावून ठेवल्या. त्यांची बायको तिकडे डोंगरातच पुरलेली होती.

"तामोत्सु, बाहेर जा," शेवटी ते म्हणाले. "मालकाने बघायचं नसतं."

तामोत्सु बाहेर गेला आणि त्याने दार ओढून घेतलं. काकांनी कात्री सदऱ्याला पुसली आणि सावाच्या मागे जाऊन उभे राहिले.

"थोडे जास्तच घेतो," ते म्हणाले.